डॅफ्नियाची अंडपिशवी कशी पाहावी
डबक्यातील पाणी बारीक जाळीतून गाळून मिळालेली एक डॅफ्निया, म्हणजेच जलपिसू, ड्रॉपरने काचपट्टीवर घ्यावी आणि ती फार हलू नये म्हणून तिच्याभोवती कापसाचे दोन-तीन तंतू ठेवावेत. वरून काच दाबू नये. नाजूक पिल्ले चिरडतात. सूक्ष्मदर्शकाखाली 40 पट वर्धनावर पाठीकडे धडधडणारे हृदय प्रथम शोधावे. त्याच्या मागे, पारदर्शक कवच आणि शरीर यांच्यामध्ये दिसणारी पोकळी हीच अंडपिशवी होय. अंडी गोलसर असतात, तर वाढलेल्या भ्रूणांचे काळे डोळे ओळखू येतात, आणि ते दृश्य खरोखर विलक्षण असते. पाठीवर गडद, खोगिरासारखे आवरण आढळल्यास त्यात प्रतिकूल काळासाठीची सुप्त अंडी आहेत असे समजावे. निरीक्षण संपताच डॅफ्निया पुन्हा डबक्यातच सोडावी.