लेमिंग्ज: कळपाला दारापर्यंत सुखरूप कसे न्यावे

१९९१ साली अमिगा या संगणकावर आलेला आणि २००६ मध्ये पीएसपी या हातात धरून खेळायच्या यंत्रावर पोहोचलेला 'लेमिंग्ज' हा व्हिडिओ गेम मुलांसोबत खेळायला फार छान आहे. हे इवलेसे जीव समोर दिसेल तिकडे चालत राहतात. दरीही त्यांना थांबवत नाही. त्यांना वेगवेगळी कामे देऊन बाहेरच्या दारापर्यंत न्यायचे, हाच खेळ.

लेव्हल सुरू होण्यापूर्वी किती जण वाचवायचे आणि वेळ किती, हे वाचून घ्या. मग लगेच दोन्ही बाजूंना एकेक ब्लॉकर (इतरांना अडवणारा लेमिंग) उभा करून कळप मधे अडवा आणि बाहेर सुटलेल्या एकट्याकडून वाट तयार करून घ्या. ब्लॉकर स्वतःहून हलत नाही. त्याला बॉम्बर (स्वतःसकट स्फोट होणारा) केलात तर तो गमावला, पण पायाखालची जमीन खणलीत तर तो पुन्हा चालू लागतो. जिथे सगळेच वाचवायचे असतात, तिथे हीच युक्ती कामी येते.

पूल बांधताना सर्वाधिक चुका होतात. पूल बांधणाऱ्या लेमिंगकडे, म्हणजे बिल्डरकडे, १२ विटा असतात आणि शेवटच्या तीन विटांना टक्-टक् आवाज येतो. आवाज ऐकताच पुन्हा बिल्डरचे बटण दाबा, नाहीतर तो खांदे उडवून सरळ खाली चालत जातो. पुलाचे टोक भिंतीला लागले तर बिल्डर मागे वळतो, म्हणून सुरुवात थोडी लांबून करा.

बॉम्बरला फुटायला ५ सेकंद लागतात. तेवढ्यात तो किती पुढे जाईल, याचा अंदाज आधीच घ्या. पोलादी भाग मात्र कशानेच फुटत नाही.