लाइनवरची पोरं सांभाळताना

मी चाकणला कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. माझ्या लाइनवर वीस-बावीस वर्षांची पोरं येतात, बरीचशी मराठवाड्यातली, आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं भाडं भरून राहतात, रात्रपाळी करून पत्र्याच्या खोलीत दिवसा झोपायला बघतात. पोरगं मनानं खचतंय हे कसं ओळखायचं आणि मग काय करायचं, हे नव्या सुपरवायझरांसाठी लिहितोय.

आधी पोराची रोजची सवय माहीत करून घ्या, म्हणजे ती मोडली की लक्षात येतं. माझा एक ट्रेनी कँटीनमध्ये घोळक्यात बसायचा. मग हात धुवायच्या नळाजवळ एकटाच बसायला लागला. आमटीत भात कालवून ठेवायचा आणि तसाच टाकून उठायचा. त्याच आठवड्यात त्याच्या मशीनचं रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं आणि मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. ते ताट मी रोज बघत होतो. त्याची खंत अजून आहे.

तेव्हापासून विचारायचं ते एकट्याला, आणि केबिनमध्ये नाही. केबिन म्हटलं की पोराला मेमो आठवतो. सुटल्यावर गेटपर्यंत सोबत चाला. ‘काय झालं रे?’ला ‘काही नाही सर’ हेच उत्तर मिळतं. त्यापेक्षा ‘झोप किती तास होते?’ विचारा. झोपेवरून पोरं बोलती होतात. मग आपण गप्प बसायचं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे तर अजिबात नको.

ऐकल्यावर हातात असेल ते लगेच करा. सलग रात्रपाळ्या तोडा. गुरुवारच्या सुट्टीला एक दिवस जोडून गावी पाठवा. त्यानं सांगितलेलं लाइनवर फिरता कामा नये.

‘जगावंसं वाटत नाही’ असं कानावर आलं, तर आत्महत्येचा विचार येतोय का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नका, शेजारी बसून १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली. २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं.

हा नंबर मी नोटीस बोर्डावर लावत नाही, तिथं उभं राहून उतरवून घेताना चारजण बघतात. संडासाच्या दाराला आतून चिकटवलाय. कागद ओला होऊन फाटला की दुसरा लावतो.