माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ लगेच प्लगात घालू नका

आपल्या मराठवाड्यात वाड्याच्या माळ्यावर आजोबांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला रेडिओ सापडला, की पहिला मोह होतो तो चालू करून बघण्याचा. तेवढं करू नका. वीस-तीस वर्षं पडून राहिल्यावर आतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असतात. थेट २३० व्होल्ट दिले तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा पुन्हा मिळणं फार अवघड.

आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, उंदरांनी वायर कुरतडली असेल तर बदला. डायलच्या काचेला मात्र आतून बोटही लावू नका. स्टेशनांची नावं त्याच बाजूला छापलेली असतात, ओल्या फडक्यानं पुसली की गेलीच.

मग शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे सेटकडे जाणारी वीज बल्बातूनच जाईल असा जोडून सेट लावा. एलईडी चालत नाही. बल्ब आधी लख्ख पेटून हळूहळू मंदावला तर बरं लक्षण. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

फिल्टरचे, म्हणजे आतली डीसी वीज सपाट करणारे मोठे कंडेन्सर ४५० व्होल्टचे नवे टाका. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिड नावाच्या टोकाकडे जाणारा छोटा कागदी कंडेन्सर तर न तपासताच बदला. तो गळका, म्हणजे डीसी वीज झिरपू देणारा निघाला की व्हॉल्व्ह तापून लाल होऊ शकतो.

प्लग काढल्यावरही आत अडीचशे व्होल्ट साठलेले असू शकतात. दहा किलोओहम, पाच वॅटच्या रेझिस्टरनं ते उतरवून मीटरवर शून्य दिसल्यावरच हात घाला. एसी-डीसी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट विजेवर चालणाऱ्या सेटची चासी (आतला धातूचा सांगाडा) प्लग लावलेला असताना जिवंत असू शकते, म्हणजे तिला हात लावला तर शॉक बसू शकतो; अशा सेटला घरी हात न लावता जाणकार मेकॅनिककडेच न्या.