शाळा मुलांसाठी चांगली करायचीय? हजेरीपटापासून सुरुवात करा

शाळा चांगली की वाईट हे लोक निकालावरून ठरवतात, पण निकाल लागतो वर्ष संपल्यावर, तेव्हा कळून काय उपयोग, ज्या पोराचं जायचं ते गेलेलं असतं. मी बरीच वर्षं माध्यमिकला शिकवतेय आणि माझं ठाम मत झालंय, मूल घसरायला लागलं की दोन आठवड्यांच्या आत ज्या शाळेत कुणाच्या तरी लक्षात येतं ती शाळा चांगली. इमारत, लॅब, स्मार्टबोर्ड सगळं हवंच, पण ते नंतर.

आणि शाळेने खरंच फरक पडतो बरं का. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधल्या १२ माध्यमिक शाळा काही वर्षं बघितल्या, १९७९ ला ते छापून आलं. साधारण सारख्याच घरांतून आलेली मुलं वेगवेगळ्या शाळांत वेगवेगळी घडत होती, आणि कारणं काय तर तास वेळेवर सुरू होणं, गृहपाठ देणं आणि तपासणं, मुलांवर जबाबदारी टाकणं. म्हणजे आपल्या हातातल्याच गोष्टी.

तर हजेरीपट. आपण महिनाअखेर बेरीज करतो आणि पट कपाटात ठेवतो. नुसती बेरीज नका बघू, खाडे कुठल्या वारी पडलेत ते बघा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे महिन्यात चार खाडे होते, आकडा बघून कुणालाच काही वाटलं नाही, मी एकदा सहज बोट ठेवून बघितलं तर चारही गुरुवार. गुरुवारी गणिताचा जोडतास असायचा आणि एकेकाला फळ्यावर बोलवलं जायचं. पोरगं आजारी बिजारी काही नव्हतं, त्याला अपूर्णांकच येत नव्हते, खालच्या वर्गापासून राहिलेले, आणि ते सगळ्यांसमोर उघडं पडायची भीती. मग रोज मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं आम्ही दोघं नुसते अपूर्णांक घेऊन बसायचो आणि गणिताच्या सरांना सांगितलं की महिनाभर त्याला फळ्यावर नका बोलवू. गुरुवारचे खाडे थांबले.

दर शुक्रवारी वर्गशिक्षकांना यासाठी दहा मिनिटं द्या, वेळापत्रकातच लिहा, नाहीतर होत नाही. वर्षात १० टक्के दिवस बुडाले की बऱ्याच ठिकाणी धोक्याची खूण मानतात, म्हणजे महिन्याला साधारण दोनच दिवस, इतकं ते सहज नजरेतून सुटतं. आणि घरी फोन लावायच्या आधी मुलाशी बोला. 'का आला नाहीस' असं दरडावून नाही, 'काल दिसला नाहीस रे, सगळं बरंय ना' असं.

दुसरं, तुमचे सगळ्यात चांगले शिक्षक माध्यमिकच्या पहिल्या वर्षाला द्या. आपण नेमकं उलटं करतो, अनुभवी माणसं शेवटच्या वर्षाला आणि नवीन आलेला पहिल्या वर्गावर. शिकागोत हायस्कूल नववीपासून सुरू होतं, तिथल्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं की नववी नीट पार पडलेल्या मुलांची, नववीतच मागे पडलेल्यांपेक्षा, शाळा पूर्ण करण्याची शक्यता साडेतीन पट असते. आठवीच्या परीक्षेतल्या मार्कांपेक्षाही हे पहिलं वर्ष जास्त सांगून जातं.

आता वह्या. एका मुलीची वही माझ्याकडे आली, अकरा पानं, प्रत्येक पानावर लाल टिक आणि सही, आणि अकराही पानांवर एकच चूक. वजा चिन्ह आणि पुढे कंसात क्ष वजा चार असलं की ती कंस सोडवून उणे क्ष वजा चार लिहायची. कुणी वाचलंच नव्हतं. फार वाईट वाटलं मला, त्या मुलीने अकरा पानं मन लावून लिहिली होती हो. म्हणून सांगते, वह्या कमी तपासा पण वाचून तपासा, आणि पुढे काय करायचं ते एका ओळीत लिहा, 'बाहेरचं वजा चिन्ह आतल्या दोन्ही पदांना लाव, तिसरं गणित परत करून बघ', आणि ते करायला तासातली दहा मिनिटं वर्गातच द्या. मार्क आणि शेरा शक्यतो एकत्र नको. रुथ बटलर नावाच्या संशोधक बाईंनी १९८८ मध्ये हे करून बघितलं होतं, नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली, दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही.

रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं वह्या बंद करून मागच्या आठवड्याचे तीन प्रश्न विचारा, मार्क नाहीत. पुन्हा पुन्हा वाचलं की त्या दिवशी येतं, आठवून लिहिलं की आठवड्यानेही येतं. आणि शाळेची वेळ तुमच्या हातात असेल तर सकाळी थोडी उशिरा करा, अमेरिकेत सिएटल शहरात २०१६ ला ७:५० ची शाळा ८:४५ ला केली तर मुलं रोज ३४ मिनिटं जास्त झोपायला लागली, या वयात झोप लवकर लागतच नाही त्यांना.

शेवटचं काम स्टाफरूममधलं. सगळ्या मुलांची नावं भिंतीवर लावा आणि प्रत्येक शिक्षकाने, ऑफिसमधल्यांनी, शिपायांनीसुद्धा, ज्या मुलाशी आपलं अभ्यासापलीकडे बोलणं होतं त्याच्या नावापुढे ठिपका द्यायचा. खोटे ठिपके नकोत. मग बिनठिपक्याची नावं वाटून घ्यायची, प्रत्येकी दोन-तीन, आणि रोज दोन मिनिटं बोलायचं, अभ्यासाचं सोडून काहीही. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एक नाव कोरं राहिलं, पहिल्या बाकावरची मुलगी, एक खाडा नाही, वह्या पूर्ण, म्हणून हजेरीपटात ती कधी सापडलीच नसती. ते नाव मी घेतलं. दोन आठवडे ती फक्त हो-नाही म्हणायची, मग एके दिवशी तास सुटल्यावर दाराशी थांबली आणि म्हणाली, बाई, मला फळा दिसत नाही नीट, पहिल्या बाकावरूनही.