घरबसल्या लॅटिन: इंग्रजी बाजूला ठेवा, विभक्त्या बाहेर काढा

घरी बसून लॅटिन शिकायचं असेल तर माझं पहिलं सांगणं हेच, की ते इंग्रजीतून शिकू नका, मराठीतून शिका. पुस्तक इंग्रजीच मिळणार, त्याला इलाज नाही, पण वहीत वाक्याचा अर्थ लिहिताना मराठीत लिहा, कारण लॅटिनला जे लागतं ते आपल्याकडे शाळेपासून पडून आहे. तीन लिंगं आहेत, विभक्त्या आहेत, क्रियापद शेवटी टाकायची सवय आहे, मी-तू न लावताही 'येतो', 'जातेस' एवढ्यावर काम भागतं, आणि ते अ, अ‍ॅन, द लॅटिनमध्येही नाही नि आपल्यातही नाही. आपली मुलं इंग्रजी मीडियमला जायला लागली तशी विभक्तीची सारणी पाठ करणं म्हणजे मागासलेलं काम असं काहींना वाटायला लागलंय, पण लॅटिन उघडलं की तीच सारणी कामाला येते, हे मला मनापासून सांगायचंय.

एक साधं वाक्य घ्या. मार्कुस पुएल्लम विदेत, म्हणजे मार्कस मुलीला बघतो. आता शब्द फिरवा, पुएल्लम मार्कुस विदेत, मुलीला मार्कस बघतो, अर्थ तोच राहिला. हेच इंग्रजीत करून बघा, बघणारा कोण आणि बघितलं कोणाला याची अदलाबदल होऊन जाते. पुएल्ला म्हणजे मुलगी, शेवटी म आला की 'मुलीला', झालं. ज्यांनी दहावीला शंभर मार्कांचं संस्कृत घेतलं होतं त्यांना तर हे बघून बरंच वाटेल, कारण देवः देवम् तसंच देउस देउम. आणि वदामि वदसि वदति, वदामः वदथ वदन्ति हे ज्याच्या तोंडात बसलंय त्याने अमो अमास अमत, अमामुस अमातिस अमन्त एकदा मोठ्याने म्हणून बघावं, शेपट्या कानाला आपोआप ओळखीच्या लागतात.

उच्चारावर फार दिवस घालवू नका. दोन पद्धती आहेत, एक जुन्या रोमन लोकांची आणि एक चर्चमधली. जुन्या पद्धतीत सी कायम क, म्हणून सीझरचं ते प्रसिद्ध वाक्य, 'आलो, पाहिलं, जिंकलं', वेनी वीदी वीकी असं होतं, चर्चच्या पद्धतीत इ-ए च्या आधी त्याचा च होतो. कुठलीही एक धरा पण धरसोड नको. ऱ्हस्व-दीर्घ मात्र पहिल्या दिवसापासून बघा, पुस्तकात दीर्घ स्वरावर आडवी रेघ असते, ती वहीत उतरवून घ्या, कारण रेघ आहे की नाही यावर विभक्ती बदलते.

आता विभक्त्या. आपल्याकडे प्रथमा ते संबोधन आठ, लॅटिनमध्ये रोजच्या वापरात सहा. गोंधळ होतो तो शेवटच्या एकीत, तिला अ‍ॅब्लेटिव्ह म्हणतात आणि इंग्रजी पुस्तकं तिचे पानं भरून उपयोग देतात, ते पाठ करत बसू नका. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी एका रूपात आलीय एवढंच समजा. ग्लादिओ म्हणजे तलवारीने, रोमा रोमहून, इन सिल्वा जंगलात, तिन्ही तीच विभक्ती, वाक्य बघून ने, हून किंवा त लावायचं. कोर्टाच्या बातम्यांमध्ये आपण 'सुओ मोटो दखल घेतली' असं वाचतो, त्यातलं मूळ सुओ मोतू हे याच विभक्तीतलं, स्वतःच्या हालचालीने, म्हणजे कोणी अर्ज न करता आपणहून. सुओ आणि आपला स्व, एकच कूळ.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि इंग्रजी शब्दांसाठी तर हीच किल्ली. लॅटिन नाम कधीही एकटं पाठ करू नका, प्रथमा आणि षष्ठी जोडीने पाठ करा. मराठीत देऊळ म्हणतो पण देवळात जातो, पाणी म्हणतो पण पाण्याला, याला शाळेत सामान्यरूप म्हणायचे. लॅटिनमध्येही शब्दाचं खरं अंग प्रत्यय लागताना दिसतं. रेक्स म्हणजे राजा, पण राजाचा म्हणजे रेगिस. नोक्स म्हणजे रात्र, रात्रीचा नोक्तिस. कोर्पुस शरीर, शरीराचं कोर्पोरिस. तेम्पुस वेळ, वेळेचा तेम्पोरिस. पेस पाय, पायाचा पेदिस. इंग्रजी शब्द बहुतेक या दुसऱ्या रूपावरून आलेत, म्हणून रीगल, नॉक्टर्नल, कॉर्पोरेट, टेम्पररी, पेडल. नुसता रेक्स पाठ केला तर रीगल कुठून आला ते कळत नाही, जोडी पाठ केली की एका शब्दात पाच-सात इंग्रजी शब्द हाताला लागतात, आणि पालिकेला कॉर्पोरेशन का म्हणतात हेही उलगडतं, अनेक माणसं मिळून कायद्याने एकच शरीर.

दुसरी किल्ली म्हणजे संधी. उत् + लेख उल्लेख होतो, उत् + चार उच्चार होतो, तसंच लॅटिनमध्ये आद हा उपसर्ग पुढच्या अक्षरासारखा बनतो, म्हणून अट्रॅक्ट, अक्सेप्ट, अग्रेसिव्ह, सगळ्यांच्या पोटात आद. कोम म्हणजे सोबत, त्याचं कलेक्ट, करेक्ट, कम्बाइन होतं. याचा घरातल्या मुलांना स्पेलिंगसाठी जबरदस्त फायदा आहे. अकोमोडेशनमध्ये सी दोन का आणि एम दोन का, तर आद + कोम + मोदुस अशी फोड आहे, एक सी आदचा बदललेला, एक कोमचा, एक एम कोमचा, एक मोदुसचा, पुन्हा चुकणार नाही. डेट (debt) म्हणजे कर्ज, त्यातला बी उच्चारात नाही तरी लिहितात, कारण मूळ देबितुम, नंतरच्या पंडितांनी ते मूळ दिसावं म्हणून बी परत घातला.

सराव करायला वेगळं काही शोधू नका, मुंबईत लॅटिन ढिगाने पडलंय. बसपासून सुरू करा. ओम्निस म्हणजे सर्व, ओम्निबुस हे त्याचं चतुर्थी बहुवचन, सर्वांसाठी. लोकांनी पुढचा भाग टाकला आणि उरला नुसता बस, म्हणजे १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली तिच्या नावात फक्त विभक्तीचा प्रत्यय होता. आणि हा बुस म्हणजे संस्कृतच्या सर्वेभ्यः मधल्या भ्यः चा सख्खा भाऊ. मला हे जेव्हा कळलं तेव्हा मी घरात ज्याला त्याला पकडून सांगत सुटलो होतो. त्या बसचा कंडक्टर म्हणजे कोम + दुकेरे, सोबत घेऊन जाणारा. सीएसएमटीचा टर्मिनस म्हणजे हद्द, हद्दीचा दगड, त्या नावाचा रोमन देवही होता. जंक्शनमध्ये आपला युज् धातू आहे, जोडणं. इंडिकेटर दिश् च्या घरातला, दिशा दाखवणारा. सीनियर सिटिझन मधला सीनियर म्हणजे सेनेक्सचं तुलनेचं रूप, जास्त म्हातारा. फ्लोरा फाउंटनची फ्लोरा फुलांची देवी, फ्लोस म्हणजे फूल, फुलाचं फ्लोरिस, बघा परत ती जोडी आली.

डॉक्टरची चिठ्ठी हातात आली की ती नीट वाचा. बीडी म्हणजे बिस दिए, दिवसातून दोनदा. टीडीएस म्हणजे तेर दिए सुमेन्दुम, दिवसातून तीनदा घ्यायचं. एसओएस हे सी ओपुस सित, गरज पडली तर. एचएस म्हणजे होरा सोम्नी, झोपेच्या वेळी, आणि हा सोम्नुस म्हणजे आपला स्वप्न, खरंच, एकाच मुळातून आलेत. बिस आणि द्विः, तेर आणि त्रिः, दिए आणि दिवस, चार ओळींच्या चिठ्ठीत एवढं सापडतं. त्यातला सुमेन्दुम तर खास लक्षात ठेवा, कारण इंग्रजी पुस्तकात त्या रूपावर अख्खा धडा असतो, आणि मराठीत ते 'घ्यायचं, करायचं, लिहायचं' एवढं सरळ आहे. अजेंडा म्हणजे करायच्या गोष्टी, मेमोरँडम म्हणजे लक्षात ठेवायचं, रेफरेंडम म्हणजे लोकांकडे न्यायचं.

एखाद्या रविवारी राणीच्या बागेत जा आणि प्राण्यांच्या आधी झाडं बघा, बोटॅनिकल नावांसकट. आंबा मँगिफेरा इंडिका. फेर्रे म्हणजे धारण करणे, आपला भृ धातू, म्हणून आंबे धरणारी. पिंपळ फायकस रिलिजिओसा, चिंच टॅमरिंडस इंडिका. इथे थांबा, कारण पहिल्या शब्दाला उस आहे, तो पुल्लिंगी वाटतो, मग विशेषण आ कारान्त स्त्रीलिंगी कसं? तर लॅटिनमध्ये झाडांची नावं साधारण स्त्रीलिंगी धरतात, शेवट उस असला तरी, आणि विशेषण लिंगाप्रमाणे चालतं, शेवटाच्या आवाजाप्रमाणे नाही. आपण नाही का, 'मोठा लाडू' आणि 'मोठी वाळू' म्हणत, शेवट दोन्हींचा ऊच. तोच न्याय मुंबईच्या जुन्या बिरुदाला लावा, उर्ब्स प्रिमा इन इंदिस, हिंदुस्थानातलं पहिलं शहर, उर्ब्स स्त्रीलिंगी म्हणून प्रिमा. झेवियर्स कॉलेजचं ब्रीद आहे प्रोवोकान्स आद वोलान्दुम, उडायला उद्युक्त करणारा, त्यातल्या वोक मध्ये आपली वाच् आहे. वांद्र्याच्या गावठाणात, खोताच्या वाडीत क्रुसांवर आयएनआरआय दिसतं, ते येसुस नाझारेनुस रेक्स युदायोरुम, नाझरेथचा येशू, यहुद्यांचा राजा. रेक्स आता ओळखता येतो, आणि युदायोरुम मधला ओरुम म्हणजे षष्ठीचं अनेकवचन.

आता एक सावधगिरी. संस्कृतशी एवढं जुळतंय म्हटल्यावर माणूस सुटतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'सगळं इंग्रजी संस्कृतातून आलं' वाली यादी खरी वाटायला लागते. तसं नाहीये. विल्यम जोन्स कलकत्त्यात न्यायाधीश होता, त्याने १७८६ साली एशियाटिक सोसायटीच्या भाषणात हेच मांडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच मुळातून आल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलं नाही. म्हणजे लॅटिन संस्कृतची मुलगी नाही, बहीण आहे. आणि नुसता आवाज जुळला म्हणून नातं लागत नाही, नियमाने जुळावं लागतं. संस्कृत-लॅटिनचा प इंग्रजीत फ होतो, पितर, पातेर, फादर. द चा ट होतो, दश, देकेम, टेन, तसंच दंत, देन्तिस, टूथ. संस्कृतचा श लॅटिनमध्ये क आणि इंग्रजीत ह, शत, केन्तुम, हंड्रेड. हे नियम याकोब ग्रिमने १८२२ साली नीट मांडून दाखवले. याच नियमाने बघितलं तर लॅटिनचा दिएस आणि इंग्रजीचा डे, अर्थ एक, आवाज जवळचा, तरी नातं काही नाही, कारण द चा ट व्हायला हवा होता. म्हणून शंका आली की ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडा, फुकट आहे. इंग्रजीतलं सगळंच लॅटिन आहे असंही नाही, टेलिफोन, फोटो, बायोलॉजी हे ग्रीक, मदर, वॉटर हे जर्मनच्या घरातले. लॅटिन आलं ते बरंचसं १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर त्यांच्या फ्रेंचमधून आणि पुढे विद्वानांनी थेट उचललं, त्यामुळे एकाच मुळाचे दोन शब्द सापडतात, रॉयल फ्रेंचमधून झिजून आलेला आणि रीगल सरळ लॅटिन.

पुस्तकाचं म्हणाल तर दोन वाटा आहेत. व्हीलॉकचं पुस्तक १९५६ पासून चालू आहे, नियम आधी, वाक्य नंतर. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बर्गचं लिंग्वा लातिना हे अख्खं लॅटिनमध्येच, चित्रं आणि पानाच्या कडेला दिलेल्या खुणांवरून समजत जातं. माझं मत, विभक्त्या ज्याला येतात त्याने ओर्बर्ग घ्यावं आणि व्हीलॉक अडल्यावर बघायला ठेवावं. फोर्टातल्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे विचारून ठेवा, कधीकधी जुनी शाळकरी लॅटिनची पुस्तकं मिळतात. रूपांसाठी विक्शनरी चांगली, शब्द टाकला की सारणी येते, दीर्घाच्या रेघांसकट.

रोज अर्धा तास पुरे पण रोज, आणि त्यातला निम्मा वेळ मोठ्याने वाचण्यात घालवा, घरचे बघतील, बघू द्या. वहीत तीन रकाने करा, लॅटिन शब्द जोडीने, मराठी अर्थ, आणि त्यावरून आलेले इंग्रजी शब्द, संस्कृत जुळत असेल तर तेही कोपऱ्यात. काही महिन्यांनी संत जेरोमने केलेलं बायबलचं लॅटिन भाषांतर उघडा, वाक्यं छोटी आणि सरळ आहेत. सीझर त्यानंतर. सीझरचं वाक्य अर्धं पान चालतं, घाबरून पहिल्या शब्दापासून अर्थ लावत बसू नका, आधी शेवटी जाऊन क्रियापद गाठा, त्याच्या शेपटीवरून कर्ता एक की अनेक ते बघा, मग म-वाल्या द्वितीया शोधा, आणि त्याच क्रमाने मराठी वाक्य लिहा, शब्द पुढेमागे करायची गरज फारशी पडत नाही.