गावात हवामान बदलावर काम सुरू करायचंय? आधी पावसाची वही घाला

मागे एकदा आमच्या इकडे शाळेत हवामान बदलावर कार्यक्रम झाला. पडद्यावर वितळणारा बर्फ आणि पांढरं अस्वल दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. बाहेर एप्रिलचं ऊन असं की सायकलच्या सीटला हात लावता येत नव्हता, पण त्या उन्हाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. मला ते फार लागलं. खान्देशातल्या माणसाला बर्फ दाखवायची गरजच काय, त्याच्या केळीला झळ लागते, कपाशी ऐन बोंडात भिजते, विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. सुरुवात तिथूनच करायची. कशी, ते सांगतो.

आधी माणसं

आठ-दहा जण पुरतात, पण निवडून घ्या. आशाताई, एखादे शिक्षक, बचत गटातल्या दोघी, एक केळीचा बागायतदार, एक कोरडवाहू शेतकरी, आणि मजुरीला जाणारं कोणीतरी हवंच, कारण उन्हाचा पहिला मार त्याच्यावर पडतो आणि मीटिंगला त्यालाच कोणी बोलवत नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास बसलेलं चांगलं. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या गड्यांचं, नवं साल तेव्हाच लागतं, माहेरवाशिणी आलेल्या असतात, शेतात कामाची घाई नसते.

म्हाताऱ्यांना बोलू द्या

पहिल्या बैठकीत भाषण ठेवू नका. पारावर एक मोठा कागद पसरा आणि विचारा, पेरणी पूर्वी कुठल्या नक्षत्रात व्हायची, नदी कोणत्या महिन्यापर्यंत वाहायची, १९७२ च्या दुष्काळात कोणत्या विहिरीला पाणी होतं, २०१८ ला तीच विहीर कशी होती. बायकांना वेगळं विचारा, पाण्याची खेप किती लांब जायची हे त्यांनाच माहीत असतं. आमच्या इथले एक आजोबा म्हणाले, "पहिले पानी आठ आठ दिन चाले, आते एक रातमा वरीसनं पडी जास." सगळा पार एकदम गप्प झाला.

मग तिथेच त्यामागचं कारण सांगा. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधले खंड जीव काढतात. पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या मानाने २०११-२० या दहा वर्षांत सुमारे १.१ अंशाने वाढलेलं होतं, कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यामुळे आणि जंगलं तोडल्यामुळे. फक्त एक गोष्ट सांभाळा, एका वर्षाचा पाऊस चुकला की लगेच "बघा हवामान बदल" असं म्हणू नका. बदल पंधरा-वीस-तीस वर्षांच्या नोंदीत दिसतो, आणि म्हणूनच पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची.

पावसाची वही

सरकारी पाऊस मोजतात तो महसूल मंडळाच्या ठिकाणी, आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. तिकडे ४० मिमी पडला म्हणून तुमच्या शिवारात पडलाच असं नाही. केळीचा हवामानावर आधारित विमासुद्धा केंद्रावरच्या आकड्यांवर चालतो. गावची वही विमा कंपनी मानणार नाही, पण तलाठी, कृषी सहायक यांच्यासमोर बोलताना हातात तारीखवार आकडे असले की बोलण्यात वजन येतं.

पर्जन्यमापक विकत मिळतो, नाही मिळाला तर सरळ उभ्या भिंतीचा, सपाट बुडाचा डबा चालतो. सकाळी आत पट्टी उभी करून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचायची, तोच पाऊस. खाली निमुळता होणारा डबा घेऊ नका, आकडा चुकतो. जागा मोकळी हवी, जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातंही त्याच वेळेला वाचतं, म्हणजे तुलना करता येते. थर्मामीटर सावलीत, वारा लागेल असा, चार-साडेचार फूट उंचीवर. हे काम सातवी-आठवीच्या पोरांना द्या, ती फार जीव लावून करतात, फक्त सुट्टीत कोण वाचणार ते आधीच ठरवून ठेवा. आकडा रोज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर.

मग पाण्याचा हिशेब

१ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावाचं शिवार ५०० हेक्टर असेल आणि १०० मिमी पडला तर ५० कोटी लिटर. हा आकडा फळ्यावर लिहिला ना की लोक हिशेबाला लागतात, जिरलं किती, वाहून गेलं किती, आणि केळी, ऊस, कपाशी, पिण्याला लागणार किती.

हे खान्देशाला नवीन नाही हो. पांझरा नदीवरची फड पद्धत तीनशे वर्षांच्या पुढची आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एका फडात सगळ्यांनी मिळून एकच ठरलेलं पीक घ्यायचं, पाणी पाटकरी देणार. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात, त्यामुळे पाणी कमी असलं की एखादा फड सोडून द्यायचा, आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. आज प्रत्येकाचा बोअर वेगळा झालाय म्हणून हे अवघड वाटतं, पण दिवाळीनंतर विहिरींची पातळी मोजून उन्हाळी पीक किती घ्यायचं एवढं जरी गावाने एकत्र बसून ठरवलं तरी खूप झालं.

उन्हाचं नियोजन

अहमदाबादने २०१३ मध्ये शहरासाठी उष्णतेचा आराखडा केला, गावाचा तर एका कागदावर मावतो. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी आणि प्रत्येकाला एक शेजारी नेमून द्या. शेतातली आणि रोजगार हमीची कामं पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवा. पत्र्याच्या घरांवर चुन्याचा पांढरा हात मारा. लग्नाचा मुहूर्त दुपारचा असेल तर वऱ्हाडाला मंडपात ताटकळत ठेवू नका, संध्याकाळचा घेता आला तर फारच चांगलं. आशाताईकडे ओआरएस भरपूर ठेवा. माणूस बडबडायला लागला, अंग तापलं तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

केळीच्या बागेभोवती शेवरीची दाट रांग लावा, गरम वारा अडतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवण्याऐवजी कुट्टी करून जमिनीत गाडा.

झाडं

खड्डे खणून फोटो काढण्यात लोकांचा उत्साह संपतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव बघून या. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून कुऱ्हाडबंदी, चराईबंदी स्वतःच घालून, मोडणाऱ्याला दंड लावून चारशे हेक्टरच्या वर जंगल राखलं, २०२५ ला त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तिथे जाऊन नियम मोडणाऱ्याचं काय करता हे विचारा, खरं शिकायचं ते आहे. जुन्या खुंटांना फुटवे येऊ दिले, गुरं अडवली, तर पळस, साग, अंजन आपसूक वर येतात.

ग्रामसभा

१ मे आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वही घेऊन जा. ठराव लेखी मांडा, एका वेळी एकच मागणी, आणि ती गावाच्या विकास आराखड्यात घालायला लावा. राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरणाच्या अभियानात ग्रामपंचायतीला भाग घेता येतो, त्याचीही विचारणा करा.

मृग ७-८ जूनला लागतो, त्याआधी डबा जागेवर बसला पाहिजे. वहीचा दर महिन्याला फोटो काढून दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. आणि पाऊस नसला त्या दिवशी ० लिहा, जागा कोरी सोडू नका, नंतर कळत नाही की पाऊस नव्हता की कोणी पाहिलंच नाही.