सेंट्रल बँकेच्या बोर्डाचं रुटीन काम कसं हाताळायचं

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. आपली सेंट्रल बँक म्हणजे रिझर्व्ह बँक, आणि रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, तिचं बोर्ड ठरवत नाही, 2016 पासून ते काम सहा जणांच्या मॉनेटरी पॉलिसी कमिटीकडे आहे. केंद्रीय संचालक मंडळ, ज्याला सगळे सेंट्रल बोर्ड म्हणतात, ते बँकेचा कारभार बघतं, म्हणजे हिशोब, खर्च, स्टाफचे विषय, इमारती, आयटी, ऑडिट, वगैरे वगैरे. बातमीत यातलं फारसं काही येत नाही. पण अशा बोर्डाच्या सचिवालयात नवीन लागलात, किंवा परीक्षेसाठी हे समजून घ्यायचंय, तर खालचं वाचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, रुटीन काम मीटिंगमध्ये होतच नाही, ते मीटिंगच्या आधी होतं, आणि कुठला कागद रुटीन म्हणायचा हे जो ठरवतो त्याच्या हातात जेवढी ताकद असते तेवढी मत देणाऱ्याच्याही हातात नसते.

तर पहिलं काम, कायदा उघडा. मागच्या वेळी कसं केलं होतं ते नंतर विचारा. रिझर्व्ह बँकेपुरतं बोलायचं तर 1934 चा कायदा. त्यात बोर्डावर गव्हर्नर, जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि नवी दिल्लीच्या लोकल बोर्डांतून एकेक असे चार, सरकारने नेमलेले दहा आणि दोन सरकारी अधिकारी, अशी रचना आहे. आता गंमत बघा, डेप्युटी गव्हर्नर आणि ते दोन सरकारी अधिकारी मीटिंगला बसतात, चर्चेत बोलतात, पण त्यांना मत नाही. गव्हर्नर येऊ शकत नसतील आणि त्यांनी लेखी अधिकार दिला असेल तरच एखाद्या डेप्युटी गव्हर्नरला त्यांच्या वतीने मत देता येतं. नवीन माणूस हजेरीपट बघून खोलीतली सगळी डोकी मोजतो आणि इथेच फसतो. म्हणून प्रत्येक सदस्याच्या नावापुढे तीन रकाने ठेवा, बसू शकतो का, मत आहे का, गणपूर्तीत, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीत, धरायचा का. हा तक्ता एकदा केला की वर्षभर कामाला येतो, फक्त कुणाची मुदत संपली किंवा नवीन नेमणूक झाली की त्याच दिवशी बदला.

मग कॅलेंडर. कायद्याने वर्षात किमान सहा मीटिंग आणि दर तिमाहीला किमान एक एवढी अट आहे, शिवाय कुठल्याही चार संचालकांनी मागणी केली तर गव्हर्नरला मीटिंग बोलवायला सांगता येतं. सहा म्हणजे फारच कमी हो, एवढ्या मोठ्या संस्थेला. म्हणून तारखा उलट्या बाजूने लावायच्या, आधी जे पुढे ढकलता येत नाही ते टाका. वार्षिक हिशोब आणि सरकारला द्यायचा सरप्लस, म्हणजे उरलेला नफा, ही त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. आधी रिझर्व्ह बँकेचं वर्ष जुलै ते जून होतं, 2020-21 पासून ते एप्रिल ते मार्च झालं, आणि त्या बदलात मधलं एक वर्ष नऊच महिन्यांचं भरलं. म्हणजे जुनी फाइल समोर ठेवून तारखा उतरवल्या असत्या तर सगळंच चुकलं असतं. हिशोब कधी बंद होतो, ऑडिटर कधी सही करणार, ऑडिट उपसमितीकडून कधी येणार, आणि मग बोर्ड, असं मागे मागे जात तारीख काढा.

आता मुख्य काम, वर्गवारी. येणाऱ्या प्रत्येक कागदाला तीनपैकी एक रस्ता असतो. एक, अधिकाऱ्यानेच निकाली काढायचा, कारण बोर्डाने आधीच अधिकार सोपवलेत. दोन, समितीकडे पाठवायचा किंवा सर्क्युलेशनने, म्हणजे न बसता लेखी, मंजुरी घ्यायची. तीन, पूर्ण बोर्डासमोर ठेवायचा. रिझर्व्ह बँकेत दुसऱ्या रस्त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे सेंट्रल बोर्डाची समिती. ती साधारण दर आठवड्याला बसते आणि चालू कामकाज बघते, त्यात बँकेचं साप्ताहिक हिशोबपत्रक मंजूर करणंही येतं, शुक्रवारअखेर किती नोटा चलनात आहेत, सोनं आणि परकीय चलन किती, सरकारला दिलेलं कर्ज किती, हे सगळं. दर आठवड्याला तेच रकाने, फक्त आकडे नवीन. यासाठी देशभरातून सगळे संचालक बोलवायचे का, अर्थात नाही. पण कुणीच न बघता छापायचं का, तेही नाही. समिती त्यासाठीच असते.

अमेरिकेत फेडच्या, म्हणजे तिथल्या सेंट्रल बँकेच्या, बोर्डाने स्टाफला आणि रीजनल रिझर्व्ह बँकांना बरेच अधिकार देऊन टाकलेत, बँकांचे अर्ज वगैरे खालीच निकाली निघतात, पण तिथली एक तरतूद मला फार आवडते. खाली झालेला निर्णय बोर्डाने परत बघावा असं एका सदस्याने जरी म्हटलं तरी तो वर येतो, बहुमत लागत नाही. अधिकार खाली द्यायचे तर अशी दोरी हातात ठेवूनच द्यावेत, नाहीतर सोपवणं आणि सोडून देणं यात फरक राहत नाही.

कुठला विषय कुठे टाकायचा हे कळत नसेल तर स्वतःला विचारा, यावर आधी असाच निर्णय झालाय का, आकडा ठरलेल्या मर्यादेत आहे का, कुणा सदस्याचा यात संबंध येतो का, आणि उद्या कुणी विचारलं तर बोर्डाला माहीत नव्हतं असं म्हणणं परवडेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही, परवडणार नाही' असं आलं की विषय वर पाठवा, रक्कम कितीही छोटी असो.

बोर्ड नोट, म्हणजे विषय बोर्डासमोर ठेवणारा कागद, लिहिताना एक वाईट सवय सगळीकडे दिसते, चार पानं पार्श्वभूमी आणि पाचव्या पानावर काय हवंय ते. उलटं करा. समजा एका कार्यालयाच्या इमारतीच्या दुरुस्तीचा विषय आहे. पहिल्या ओळीत लिहा की अमुक कामासाठी अमुक खर्चाला मंजुरी मागितली आहे, दुसऱ्या ओळीत की इमारत उपसमितीने अमुक तारखेला शिफारस केली, तिसऱ्यात की बजेटमध्ये तरतूद आहे किंवा नाही. मग पार्श्वभूमी, पर्याय, आणि शेवटी ठरावाचा मसुदा जसाच्या तसा, म्हणजे मंजूर झाला तर तोच मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, जाईल. आणि विषयाच्या डोक्यावर ठळक लिहा, मंजुरीसाठी की अवलोकनार्थ, म्हणजे फक्त माहितीसाठी. हे लिहिलं नसलं की अर्धा तास चर्चा होते आणि शेवटी कुणीतरी विचारतं की आपल्याकडून नक्की काय हवंय.

सर्क्युलेशन हे सोयीचं असतं म्हणूनच जपून वापरा. युरोपियन सेंट्रल बँकेच्या गव्हर्निंग कौन्सिलचे, म्हणजे तिथल्या मुख्य निर्णय मंडळाचे, यासाठी लिखित नियम आहेत आणि ते नीट विचार करून केलेले दिसतात, सदस्यांना साधारण किमान पाच कामकाजाचे दिवस द्यायचे, तीन सदस्यांनी हरकत घेतली तर लेखी पद्धत बंद, आणि जो निर्णय होईल तो पुढच्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवायचा. बँकांच्या देखरेखीबाबतच्या निर्णयांना तर तिथे वेगळीच रीत आहे, मसुदा कौन्सिलकडे जातो आणि जास्तीत जास्त दहा कामकाजाच्या दिवसांत हरकत आली नाही तर मंजूर धरला जातो. म्हणजे गप्प बसणं हाच होकार. तुमच्याकडे असं असेल तर पत्रातच स्पष्ट लिहा की अमुक तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर त्याचा अर्थ काय धरणार, आणि नसेल तर गप्प बसलेल्याला फोन करून लेखी उत्तर घ्या, मनाने होकार धरू नका.

आयत्या वेळचे विषय ही आपल्याकडची खास जागा, सोसायटीच्या सभेपासून वरपर्यंत सगळीकडे. अध्यक्षांच्या परवानगीने येतात, खरं, पण नोट आधी वाचायला मिळालेली नसते, म्हणून त्यात रुटीन सोडून काही घेऊ नये असं माझं मत. कार्योत्तर मंजुरीचंही, म्हणजे काम करून झाल्यावर मागितलेल्या मंजुरीचंही, तेच, कधीतरी खरोखर इलाज नसतो, पण एकाच विभागाकडून तिसऱ्यांदा आली तर ती नोट परत पाठवा आणि आधी का आली नाही याचं कारण लेखी मागा.

मीटिंगच्या दिवशी फार काही उरत नाही. गणपूर्ती बघायची, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करायचं, मग ज्या विषयांवर कुणालाच बोलायचं नाही ते एकगठ्ठा मंजूर, आणि त्यातला एखादा विषय वेगळा काढा असं कुणीही म्हटलं तर कारण न विचारता काढायचा. ज्याचा संबंध आहे त्याने आधी सांगून बाहेर जायचं, आणि तो गेला किती वाजता, परत आला किती वाजता, तेही लिहायचं. मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं निर्णायक मत.

मिनिट्सवर मात्र वेळ घालवा. नोटबंदीची शिफारस करणारी सेंट्रल बोर्डाची मीटिंग 8 नोव्हेंबर 2016 ला संध्याकाळी दिल्लीत झाली, क्रमांक 561. तिचे मिनिट्स 2019 मध्ये माहितीच्या अधिकारात बाहेर आले तेव्हा लोकांना दिसलं की काळा पैसा मुख्यतः रोकडीत नसून सोनं आणि जमीनजुमल्यात असतो हे म्हणणं त्यात नोंदलेलं होतं, आणि तरीही शिफारस झाली होती. तो विषय रुटीन नव्हता, पण ते वाक्य राहिलं ते रुटीन शिस्तीमुळे, ठरावासोबत हरकतही लिहायची या सवयीमुळे. तुम्हीही तसंच करा. कोण काय म्हणालं याचं शब्दशः वर्णन नको, पण ठरावाच्या विरोधात जाणारा मुद्दा एका वाक्यात तरी आलाच पाहिजे. नुसतं 'चर्चेअंती मंजूर' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला चर्चा कशावर झाली ते कधीच कळत नाही. मसुदा दोन-तीन दिवसांत फिरवा, आठवणी ताज्या असताना.

मग कृती अहवाल. प्रत्येक ठरावापुढे विभागाचं नाव, तारीख आणि आजची स्थिती, आणि 'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर दुसऱ्यांदा आलं तर स्वीकारायचं नाही. जाहीर करायचं ते ठरल्या दिवशी करा. फेडचं बोर्ड एच-2 नावाचं पत्रक दर आठवड्याला काढतं, त्यात बोर्डाने काय केलं आणि सोपवलेल्या अधिकारात स्टाफने काय केलं, दोन्ही येतं. आपल्या यादीत हा दुसरा भाग बहुतेक वेळा गळतो, तर दर महिन्याला अधिकारात निकाली काढलेल्या विषयांची एक पानी यादी पुढच्या अजेंड्यात अवलोकनार्थ लावून टाका.